थोरला गाभा, धाकटा गाभा
प्रोसेसरला काम करताना लागणारी वीज ठोक्यांच्या गतीच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि गती वाढवायची तर बहुधा व्होल्टेजही चढवावे लागत असल्याने थोड्याशा वेगासाठी बरीच वीज मोजावी लागते. ब्रिटनमधील आर्म कंपनीने 2011 साली मांडलेल्या ‘बिग-लिटल’ रचनेत म्हणून एकाच चिपवर दोन जातींचे गाभे, म्हणजे स्वतंत्र गणनकेंद्रे, बसवले गेले: थोरला कॉर्टेक्स-ए15 हा एखादी आज्ञा विदेसाठी अडली असता मागच्या तयार आज्ञा क्रम मोडून आधी उरकतो, पण ही हुशारीच वीज खाते, धाकटा कॉर्टेक्स-ए7 क्रमानेच चालतो आणि गाणी वाजवण्यासारख्या कामाला पुरून उरतो. दोघांचा आज्ञासंच एकच असल्याने चालू काम मध्येच दुसऱ्याकडे सोपवता येते. मात्र ते केव्हा सोपवावे हे ऑपरेटिंग सिस्टिमला ओळखावे लागते आणि खरी मेख तिथेच आहे.