छोटी क्रूझर मोटारसायकल : तिचा इतिहास, तिची घडण आणि आपली गरज




उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरोघरी ठरलेले विषय निघतात. सोसायटीचे कर्ज, पाइपलाइन, मुलीचे लग्न. आणि त्यांच्या जोडीला हमखास निघणारा विषय म्हणजे पोराची मोटारसायकल. पोरगं म्हणतं, "अ‍ॅव्हेंजर घ्यायची." आबा म्हणतात, "गाडी घे बाबा, पण असली लांबलचक आडवी कशाला?" या वादात निकाल देणे आमचे काम नाही. पण व्यवहार लाखावर रुपयांचा आहे आणि गाडीवर बसणारा जीव आपल्याच घरातला आहे. म्हणून ही गाडी मुळात कोणत्या कामासाठी घडवली, हे सभासदांसमोर मांडत आहोत.

हा आकार आला कुठून?

क्रूझर हा घाट अमेरिकेतला. तिकडे रस्ते रुंद, सरळ आणि शेकडो मैल लांब. अशा रस्त्यावर वळणे थोडी आणि बसून राहणे फार. म्हणून पाय पुढे सोडून, पाठ ताठ ठेवून, एका चालीत जाता येईल अशी गाडी लोकांना हवी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले हौशी लोक हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्या घरच्या घरी कापून, जोडून, लांबवून घेत. पुढे १९७१ साली त्याच कंपनीने 'सुपर ग्लाइड' ही तशा धाटणीची गाडी कारखान्यातूनच तयार करून विकायला काढली.

त्या गाड्या वजनदार आणि इंजिने मोठी. जपानी कंपन्यांनी तोच घाट लहान इंजिनावर बसवला. होंडाने १९८५ मध्ये 'रेबेल' काढली, तिचे इंजिन अवघे २३४ सी.सी.चे होते. त्याच वर्षी कावासाकीने 'एलिमिनेटर' हे नाव बाजारात आणले; ती गाडी मात्र ९०० सी.सी.ची होती.

हेच एलिमिनेटर नाव पुढे आपल्याकडे पोचले. पुण्याजवळ आकुर्डीला मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोने १९८० च्या दशकात कावासाकीशी तांत्रिक सहकार्य केले होते. त्यातून २००१ साली १७५ सी.सी.ची 'कावासाकी बजाज एलिमिनेटर' भारतात आली. गाडी देखणी, पण किंमत त्या काळाच्या मानाने फार, त्यामुळे खेडोपाडी ती फारशी पोचली नाही. २००५ मध्ये बजाजने तोच सांगाडा ठेवला, त्यात आपल्या पल्सर १८० चे इंजिन बसवले, किंमत खाली आणली आणि नाव दिले 'अ‍ॅव्हेंजर'. २००७ मध्ये इंजिन २०० सी.सी.चे झाले, २०१० मध्ये २२० सी.सी.चे. २०१५ मध्ये गाडीचे 'क्रूझ' आणि 'स्ट्रीट' असे दोन प्रकार केले आणि १५० सी.सी.ची स्वस्त स्ट्रीटही काढली. क्रूझला उंच हँडल, पुढे काच आणि तारांची चाके; स्ट्रीटला बुटके हँडल, काळा रंग आणि अलॉय चाके. २०१९ मध्ये १६० सी.सी.ची स्ट्रीट आली. यामाहाची १२५ सी.सी.ची 'एन्टायसर' आणि सुझुकीची १५० सी.सी.ची 'इंट्रूडर' याही याच घराण्यातल्या, पण त्या बाजारात टिकल्या नाहीत.

चार मापे लक्षात ठेवा

गाडीचा स्वभाव तिच्या रंगावरून कळत नाही, मापांवरून कळतो. आपल्या भागात घरोघरी असलेली स्प्लेंडर आणि अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझ शेजारी उभ्या करून पाहू.

पहिले माप दोन चाकांच्या आसांमधल्या अंतराचे. स्प्लेंडरमध्ये ते १२३६ मिलिमीटर आहे, अ‍ॅव्हेंजरमध्ये १४९०. म्हणजे एक वीतभर जास्त. शिवाय पुढचे शॉकअप जास्त तिरके, पुढे पसरलेले. या दोन गोष्टींमुळे गाडी सरळ रस्त्यावर नांगराच्या तासासारखी धरून चालते, वाऱ्याने किंवा शेजारून गेलेल्या ट्रकच्या झोताने चटकन डगमगत नाही. पण गल्लीत वळवताना हीच गाडी जागा मागते आणि हळू चालताना हँडल जड लागते.

दुसरे माप सीटच्या उंचीचे. स्प्लेंडर ७८५ मिलिमीटर, अ‍ॅव्हेंजर ७३७. जवळजवळ दोन इंच कमी. बुटक्या माणसाचेही दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात. वजन खाली राहिल्याने उभ्या गाडीचा तोल सांभाळायला सोपा.

तिसरे वजन. स्प्लेंडर सुमारे ११२ किलो, अ‍ॅव्हेंजर सुमारे १६३ किलो. म्हणजे डीएपीचे एक पोते कायमचे गाडीवर लादलेले समजा. चालू गाडीत ते जाणवत नाही. चिखलातून ढकलताना चांगलेच जाणवते.

चौथी गोष्ट पाय ठेवण्याची जागा. स्प्लेंडरवर पाय बुडाखाली येतात. खड्डा आला की आपण पायांवर जोर देऊन किंचित उठतो आणि दणका गुडघे खातात. अ‍ॅव्हेंजरवर पाय पुढे असतात, त्यामुळे तसे उठता येत नाही. मागच्या चाकाचा दणका थेट माकडहाडाला. गुळगुळीत रस्त्यावर याच बैठकीने पाठीला आराम मिळतो, आणि पाणंद रस्त्यावर हीच बैठक पाठ धरायला लावते.

इंजिन कसे आहे?

अ‍ॅव्हेंजर २२० चे इंजिन एका सिलिंडरचे, फोर-स्ट्रोक. सिलिंडरचा व्यास ६७ मिलिमीटर आणि पिस्टनची वर-खाली चाल ६२.४ मिलिमीटर. या दोन्हींचा हिशेब केला की सुमारे २२० सी.सी. येतात. जुन्या बुलेट ३५० मध्ये व्यास ७० आणि चाल ९० मिलिमीटर होती. चाल लांब असली की इंजिन संथ फिरते, पण खालच्या फेऱ्यांतच ओढ देते. आपल्या ट्रॅक्टरचे तत्त्व हेच. चाल आखूड असली की इंजिन भराभर फिरू शकते आणि ताकद वरच्या फेऱ्यांत मिळते. अ‍ॅव्हेंजरची १९ अश्वशक्ती मिनिटाला साधारण साडेआठ हजार फेऱ्यांच्या आसपास मिळते. घाट अमेरिकन क्रूझरचा आणि इंजिन पल्सरच्या घराण्यातले, असा हा संकर आहे. पल्सर २२० मध्ये हेच इंजिन सुमारे २१ अश्वशक्ती देत असे. क्रूझरसाठी ते जरा निवांत केले आहे.

सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आहेत, त्यामुळे पेट्रोल-हवेचे मिश्रण दोन बाजूंनी आणि लवकर जळते. इंजिन थंड ठेवायला हवेच्या जोडीला ऑइल कूलर आहे. गिअर पाच. २०२० पर्यंतच्या गाड्यांना कार्बोरेटर होता. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आले. २०१९ पासून पुढच्या चाकाला ए.बी.एस. आहे. म्हणजे पुढचा ब्रेक घाईने दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने हे साल आधी पाहावे.

टाकीतला आपला ऊस

या गाडीशी आपले आणखी एक नाते आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण देशात २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. हे इथेनॉल मका-तांदळापासूनही होते आणि उसापासूनही. अ‍ॅव्हेंजरची १३ लिटरची टाकी भरली तर तिच्यात सुमारे २.६ लिटर इथेनॉल असते. एक टन उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केले तर साधारण ७० लिटर निघते. म्हणजे एक टन ऊस अशा सत्तावीस-एक टाक्यांना पुरतो.

आपल्या मालाचे कौतुक करताना खरे तेही सांगितले पाहिजे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात लिटरमागे उष्णता सहा-सात टक्क्यांनी घटते आणि अ‍ॅव्हरेज थोडे उतरू शकते. उलट इथेनॉलमुळे इंजिन ठोके मारण्याचे प्रमाण कमी होते. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे रबरी व धातूचे भाग २० टक्के मिश्रणाला चालतील असे केलेले आहेत. त्याआधीची, विशेषतः कार्बोरेटरची गाडी असेल तर पेट्रोलच्या नळ्या, वॉशर आणि रबरी सील वर्षातून एकदा मेकॅनिककडून तपासून घ्यावेत. इथेनॉल ओल धरते, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये.

मग घ्यावी की नाही?

गाडी वैरणीचा भारा, दुधाचे कॅन, खताचे पोते आणायला लागणार असेल, तर ही गाडी त्या कामाची नाही. तिची सीट दोन पायऱ्यांची, मागची टेकण आडवी येते आणि बांधावरून नेताना लांबी अंगावर येते. मागचा टायर १३०/९०-१५ मापाचा, तो गावच्या दुकानात मिळतो का हे घेण्याआधीच विचारावे. क्रूझ प्रकाराला तारांची चाके आणि ट्यूब आहे; पंक्चर झाले की चाक खोलावे लागणार.

पण पोरगा रोज तालुक्याला किंवा शहरात नोकरीला डांबरी रस्त्याने तीस-चाळीस किलोमीटर जात असेल, तर ही गाडी त्याला थकवणार नाही. अशा घरी शेताला जुनी स्प्लेंडर आणि रस्त्याला ही, असा मेळ चांगला बसतो.

शेवटी एक कळकळीचे सांगणे. गळीत हंगामात रात्रीचे रस्ते आपल्याच उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेले असतात. क्रूझरवरचा माणूस खाली बसतो, त्याची नजर खालून जाते, आणि गाडी इतकी शांत चालते की वेग कळत नाही. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. डोळ्यांनी पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एक-दीड सेकंद सरतो, आणि कोरड्या डांबरावरही ती थांबायला एकूण ४० मीटरच्या वर अंतर लागते. ताशी ८० ला हेच अंतर ६० मीटरच्या पुढे जाते. बिनदिव्याची ट्रॉली पन्नास मीटरवर दिसली, तर साठवाला वाचतो आणि ऐंशीवाला वाचत नाही, इतका हा साधा हिशेब आहे.

म्हणून ज्यांच्या घरी ट्रॉली आहे त्यांनी आजच मागे रिफ्लेक्टर लावावेत आणि मागचा लाल दिवा चालू आहे का ते रोज पाहावे. ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे त्यांनी पोराच्या हाती किल्ली देण्याआधी हेल्मेट द्यावे. रस्ता एकच आहे, आणि त्यावरची ट्रॉलीही आपली नि पोरगंही आपलंच.