संगणक जागा होताना कळफलक मुका का राहतो?

संगणकाचे बटण दाबले, पडद्यावर अक्षरेही उमटली. परंतु कळफलकावरील कोणतेही बटण दाबा, संगणक दाद देत नाही, आणि माऊस फिरविला तरी बाण जागचा हलत नाही. अशा वेळी दोन्ही साधने बिघडली असे समजून नवी आणण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. जोयडा तालुक्यातील रानातल्या एखाद्या गावाहून दांडेलीस जाऊन येणे म्हणजे दिवस मोडणे; तेव्हा तो दिवस आणि ते पैसे खर्चण्यापूर्वी थोडा विचार केलेला बरा.

दोन स्वतंत्र साधने एकाच क्षणी सहसा बिघडत नाहीत. एकाच घरचा दिवा गेला तर त्या घरची तार पाहावी. सगळ्या गावाचे दिवे गेले तर कोणी घरोघरचे बल्ब तपासत बसत नाही. तद्वत येथेही दोहोंना सामाईक असलेल्या ठिकाणी दोष शोधला पाहिजे. त्यासाठी संगणक जागा कसा होतो, हे पाहू.

वीज मिळताच प्रथम कामास लागतो तो मदरबोर्डवरील चिपमध्ये साठविलेला एक छोटा प्रोग्राम. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणत. नव्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. हा प्रोग्राम स्मृती, डिस्क, कळफलक यांची हजेरी घेतो आणि मग विंडोज किंवा लिनक्स यांच्या हाती कारभार सोपवितो. नवा कारभारी जुन्याची माणसे ठेवून घेत नाही. कळफलकाशी बोलण्यासाठी तो स्वतःचे ड्रायव्हर आणतो. म्हणूनच तोच कळफलक एका टप्प्यात बोलका, तर दुसऱ्यात मुका असू शकतो. (हजेरीत कळफलक न सापडल्यास काही जुनी यंत्रे 'कळफलक नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा' अशा अर्थाची सूचना देत. तिच्यावर पुष्कळ हसून झाले आहे. पण आधी तार नीट जोडा व मग दाबा, एवढाच तिचा हेतू.)

परीक्षा सोपी आहे. नम लॉकचे बटण दाबून त्याचा दिवा पाहावा. हा दिवा बहुधा कळफलक स्वतः लावीत नाही. बटण दाबल्याची वर्दी संगणकास पोहोचते आणि तिकडून उलट हुकूम आला म्हणजे तो लागतो. दिवा लागत-विझत असेल, तर तार, पोर्ट आणि कळफलक तिन्ही धड आहेत.

दिवा आरंभापासूनच लागत नसेल, तर संगणक बंद करून प्लग काढावा, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग मधला हब टाळून साधने संगणकाच्या मागील पोर्टमध्ये थेट जोडावी. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत सतत ओल असते. पोर्टमधील धातूच्या पट्ट्यांवर गंज चढतो, तोही पाहावा. गोल, जांभळ्या-हिरव्या रंगांचे जुने पीएस/२ पोर्ट असल्यास यंत्र बंद असतानाच जोडणी करावी. बिनतारी साधनांत आधी सेल बदलावा.

आरंभी मुका आणि विंडोज आल्यावर बोलका, असे असेल तर बायोसच्या सेटिंगमध्ये जुन्या पद्धतीचा यूएसबी आधार बंद असतो, किंवा घाईच्या सुरुवातीत यूएसबीची हजेरीच वगळलेली असते. ही सेटिंग बदलण्यास पीएस/२ कळफलक उपयोगी पडतो. तो नसल्यास जाणत्या माणसाकडून मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल काढवून सेटिंग मूळ स्थितीत आणावी.

याच्या उलट प्रकार ड्रायव्हरचा. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर मुळात नव्हते. त्यामुळे नव्या संगणकावर ते बसविताना बायोसमध्ये उत्तम चालणारा कळफलक मध्येच गप्प होई. अलीकडचे उदाहरण विंडोज ११ चे. १४ ऑक्टोबर २०२५ च्या सुधारणेनंतर त्याच्या दुरुस्ती-विभागात यूएसबी कळफलक व माऊस चालेनासे झाले. एरवी विंडोजमध्ये तीच साधने बिनतक्रार चालत होती. म्हणजे नेमकी यंत्र अडले असतानाच ती निकामी! मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला तातडीची दुरुस्ती दिली. तोवर ज्यांच्या यंत्रास जुना गोल पोर्ट होता, त्यांचे पीएस/२ कळफलक मात्र तेथेही चालत होते.