हमालाचे हृदय किती रक्त फेकते?

“पोते तेच पन्नास किलोचे, गोदामही तेच, मग वैशाखात विश्रांती जास्त कशाला?” जालन्याच्या मोंढ्यात हमालांच्या सुट्टीविषयी बोलणी चालली असता एका व्यापाऱ्याने मला हा प्रश्न केला. मला उत्तर देता आले नाही. शाळा माझी लौकर सुटली. प्रश्न मात्र सुटेना, म्हणून शरीरशास्त्राची पुस्तके उघडली. त्यांत जे सापडले ते, मित्रहो, आपणांपुढे ठेवतो.

हृदयातून मिनिटाला किती रक्त वाहते हे मोजावे कसे? अडॉल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८७० साली सुचवलेली युक्ती निव्वळ जमाखर्चाची आहे. गोदामात पंचवीस पोती उतरली आणि दर गाडीने पाच पोती टाकली, तर गाड्या पाच आल्या हे दाराशी उभे न राहताही कळते. रक्त ही गाडी, प्राणवायू हे पोते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू वापरतो. फुप्फुसांतून निघालेल्या लिटरभर रक्तात तो सुमारे २०० मिलिलिटर असतो, परतताना १५० उरतो. म्हणजे उतरला ५०. भागाकार करा: पाच लिटर.

श्वास पिशवीत धरून प्राणवायूचा खर्च काढता येतो. अडचण परतणाऱ्या रक्ताची. ते हृदयाच्या उजव्या बाजूतून घ्यावे लागते. १९२९ साली वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली, आणि तशा स्थितीत क्ष-किरणाच्या खोलीकडे चालत गेला! पुढे कुर्नां व रिचर्ड्स यांनी ही वाट रुळवली. १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले.

पण पाठीवर पोते असलेल्याला नळी कोण लावणार? तेथे नाडीच धरावी. स्वस्थपणी एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त निघते. कष्टात ते १०० च्या आसपास जाते आणि बहुतेकांचे तेथेच थांबते. पुढची वाढ ठोक्यांनीच भरून काढायची. समजा, कामाला मिनिटाला दीड लिटर प्राणवायू लागतो आणि लिटरभर रक्तातून १२० मिलिलिटर उतरतो. तर रक्त हवे साडेबारा लिटर, नाडी १२५. माणसागणिक फरक पडतो, हा अंदाजच. पोते टेकवताच दहा सेकंद मोजून सहाने गुणावे. उशीर झाला की नाडी उतरते. (भांडणातही नाडी चढते, म्हणून बैठकीतली धरू नये!)

आता वैशाख. चाळीस अंशांच्या उन्हात अंग निववण्यासाठी बरेच रक्त कातडीकडे वळते, घामाने शरीरातले पाणी कमी होते, आणि हृदयात परत येऊन भरणारे रक्त घटते. ठोक्याला १०० ऐवजी ८६ मिलिलिटरच निघाले, तर तेच साडेबारा लिटर पुरवायला नाडी १४५ लागते. पोते तेच, ठोके मिनिटाला वीस जास्त, तासाला बाराशे.

पुढच्या बैठकीला मी सेकंदकाट्याचे घड्याळ घेऊन गेलो, आणि मोजणी भर दुपारी गोदामाच्या दारातच करू म्हणालो.