स्थानिक वारसा आणि त्याचे राखणदार

वारसा हा शब्द उच्चारताच आपल्यापुढे वेरूळ, रायगड किंवा शनिवारवाडा उभा राहतो. अशा वास्तूंसाठी १९५८ चा केंद्रीय कायदा आहे, त्यांना पहारेकरी आहेत. परंतु तुमच्या गावच्या वेशीबाहेरील वीरगळ, बुजत चाललेली बारव, जत्रेतील मान आणि गावनावामागील झाड यांची नोंद बहुधा कोणत्याच यादीत सापडत नाही. ते टिकतात किंवा नष्ट होतात ते गावाच्या मर्जीने. संविधानाच्या अनुच्छेद ५१(क) मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हटले आहे. हे कर्तव्य प्रत्यक्षात कोण व कसे पार पाडते, हे आपण बुलढाणा जिल्ह्यातील एका लहानशा परिसराच्या आधारे पाहू.

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम या गावापासून आरंभ करणे सोयीचे आहे. हिवर हे काटेरी, फिकट सालीचे झाड. त्यावरून हिवरा, हिवरखेड अशी गावनावे विदर्भात ठिकठिकाणी आढळतात. शुकदास महाराजांनी येथे स्थापन केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे या हिवऱ्याच्या नावाला ‘आश्रम’ हा दुसरा शब्द चिकटला. एका गावनावात वनस्पती आणि संस्था असे दोन थर दिसतात, ही बाब भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी. येथे दरवर्षी विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो आणि त्याच्या अखेरीस शेतात प्रचंड पंगत बसते. पुरी आणि वांग्याची भाजी असा साधा बेत असतो, तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून ओळींपर्यंत पोहोचवला जातो आणि स्वयंसेवक वाढतात. येथे जुनी इमारत नाही, शिलालेखही नाही. मग वारसा कोणता? इतक्या लोकांना जातपात न विचारता एका ओळीत बसवून वेळेत जेवू घालण्याचे कसब, हा तो वारसा. ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. थोरल्या वाढप्याच्या मागे बादली धरून चालणारा मुलगा ते शिकतो. एखादे वर्ष पंगत बसली नाही तर ती पुढच्या वर्षी बसवता येईल. परंतु एक संपूर्ण पिढी त्या बादलीमागे चाललीच नाही, तर कसब परत आणता येणार नाही. अमूर्त वारसा आणि दगडी वारसा यांतील मुख्य भेद हाच होय.

आता पैनगंगेच्या काठच्या मेहकरकडे वळू. येथील शार्ङ्गधर बालाजीची काळ्या पाषाणातील भव्य विष्णुमूर्ती १८८८ मध्ये उत्खननात सापडली. त्या काळी १८७८ चा निखात निधी कायदा लागू होता. जमिनीत सापडलेली मौल्यवान वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्यानुसार बंधनकारक होते. पुढील हकिकत मेहकरात परंपरेने सांगितली जाते. मूर्ती विलायतेला नेण्याचा अधिकाऱ्यांचा मनोदय गावकऱ्यांना कळला, त्यांनी घाईने तिची प्राणप्रतिष्ठा केली आणि ती गावातच राहिली. सोबतचा ताम्रपट मात्र साहेबांनी नेला, असेही सांगतात. मौखिक परंपरेतील तपशील आपण जसाच्या तसा पुरावा म्हणून स्वीकारत नाही, परंतु तो टाकूनही देत नाही. या हकिकतीत एक महत्त्वाचे सूत्र दडलेले आहे. प्रतिष्ठा होताच मूर्तीचे स्थान बदलले. ती संग्रहालयात ठेवण्याजोगी वस्तू राहिली नाही, पूजेतील दैवत झाली. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात रयतेच्या धर्मात हस्तक्षेप न करण्याचे आश्वासन होते. त्यामुळे पूजेतील दैवताला हात लावणे प्रशासनालाही अवघड होते. गावाने कायद्याशी भांडण केले नाही, आपल्या हाती असलेल्या विधीचा उपयोग केला. मात्र ताम्रपटाची गोष्ट खरी असेल, तर गावाने दैवत राखले आणि त्याचा जन्मदाखला गमावला, असे म्हणावे लागेल. कारण लेखाच्या अभावी मूर्तीचा काळ केवळ शैलीवरून ठरवावा लागतो.

हाच प्रश्न १३६ वर्षांनी शेजारच्या सिंदखेडराजात पुन्हा उभा राहिला. जून २०२४ मध्ये लखुजी जाधवांच्या समाधीजवळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कामात शेषशायी विष्णूचे शिल्प उजेडात आले. अशी शिल्पे जागेवरच राहावीत की संग्रहालयात जावीत? संग्रहालयात सुरक्षितता आणि अभ्यासाची सोय असते. जागेवर संदर्भ असतो, आणि ‘हे आमच्या मातीतून निघाले’ ही भावना असते. आमच्या मते केवळ भावना म्हणून हे बाजूला सारता येत नाही, कारण पुढची राखण त्याच भावनेच्या बळावर होते.

लोणारचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर इंग्रज अधिकारी अलेक्झांडर याने १८२३ मध्ये नोंदवले. परंतु तेथील खाऱ्या पाण्याची कीर्ती ‘ऐन-ए-अकबरी’च्या काळीही पसरलेली होती. सरोवरातून निघणाऱ्या क्षारांना डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे होती. क्षार काढण्याचा धंदा थांबला आणि ही नावेही ओठांवरून उतरली. शब्दांचाही वारसा असतो, आणि सरोवराभोवती कुंपण घालून तो राखता येत नाही.

विवराच्या काठावर वसलेल्या गावाचे सांडपाणी सरोवरात उतरत असे. २००० मध्ये परिसर अभयारण्य घोषित झाला, तरी प्रश्न सुटला नाही. अखेर २००९ मध्ये लोणारच्याच रहिवाशांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली. पुढे सांडपाणी, वेडी बाभूळ आणि अतिक्रमणे या बाबींवर न्यायालयाने वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. याचिकाकर्ते बाहेरचे पर्यावरणवादी नव्हते. त्यांचे सांडपाणीही त्याच सरोवरात जात होते. आपल्याच गावाविरुद्ध उभे राहण्याचा हा प्रकार सोपा नसतो. नवरात्रात सरोवराकाठच्या कमळजा देवीच्या दर्शनाला गर्दी होते. भाविकाला देवी हवी, वनखात्याला शांतता हवी, अभ्यासकाला पाण्यातील सूक्ष्मजीव अबाधित हवेत. तिघांचाही वारसा तोच आहे. म्हणून उत्सव आणि संरक्षण एकमेकांना पूरकच असतात, असे गृहीत धरू नये.

हौशी स्वयंसेवेचे धोकेही येथेच सांगायला हवेत. श्रमदानाने बारवेतील गाळ काढणे चांगले. पण तळाशी सापडलेले शिल्प खंडित म्हणून नदीत सोडणे, मंदिराच्या कोरीव खांबांना ऑइलपेंट फासणे, निखळलेल्या चिऱ्यांच्या जागी सिमेंट भरणे, यांमुळे हानी होते. सिमेंट ओल कोंडून धरते आणि जुना दगड आतून भुगा होऊ लागतो. चुन्याच्या सांध्यांतून ओल बाहेर पडत असे. म्हणून दगडाला हात लावण्यापूर्वी छायाचित्र, मोजमाप आणि पुरातत्त्व विभागाला लेखी कळवणे, हा क्रम पाळावा. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत तर बांधकामास बंदीच आहे.

कृती : आपल्या गावातील अशी एक गोष्ट निवडा, जिची नोंद कोणत्याही सरकारी यादीत नाही. वास्तू, विधी, खाद्यपदार्थ किंवा विस्मरणात जाणारा शब्दसमूह, यांपैकी काहीही चालेल. ती आजवर कोणी राखली, हे किमान तीन वृद्ध व्यक्तींना विचारा. तिघांच्या सांगण्यात फरक आढळल्यास तो दुरुस्त न करता जसाच्या तसा लिहा आणि आपली वही संपर्कसत्राला येताना सोबत आणा.