एमी कौसी : ‘मृत’ ज्वालामुखीची व्याख्या

सहारा म्हणजे केवळ वाळू, ही समजूत चाड देशाच्या उत्तरेकडील तिबेस्ती पर्वत पाहता टिकत नाही. या पर्वताच्या दक्षिण टोकाचे एमी कौसी (३,४१५ मीटर) हे सहारातील सर्वोच्च शिखर होय. प्राचीन वालुकाश्मावर लाव्हाचे थर साचत जाऊन हा ढालीसारखा विस्तीर्ण, मंद उताराचा डोंगर बनला. पुढे माथा खचून सुमारे १२ ते १५ किलोमीटर रुंदीचे कुंड तयार झाले. त्यातच एरा कोहोर हे लहान पण खोल विवर असून त्याचा तळ सोडाक्षारांनी पांढराशुभ्र दिसतो.

पाठ्यपुस्तकी वर्गीकरणात एमी कौसी सहसा ‘मृत’ गटात जातो. वर्गात मात्र हा शब्द जपून वापरावा. दक्षिण उतारावर यी येरा येथे सुमारे ३७ अंश सेल्सिअसचे झरे आहेत. ही उष्णता जेमतेम माणसाच्या अंगाइतकी. तेवढ्यावरून उद्रेकाचे भाकीत करू नये, हे खरेच. परंतु उद्रेकाची लेखी नोंद नाही याचे एक कारण, नोंद ठेवणारेच थोडे. तेडा लोकांच्या विरळ वस्त्या, दुर्गम वाटा आणि १९६५ पासून वारंवार उद्भवलेले सशस्त्र संघर्ष यांमुळे प्रत्यक्ष पाहणी तुटपुंजी राहिली. बरीचशी माहिती उपग्रह-छायाचित्रांवरून मिळालेली आहे. त्यांतून आकार कळतो. खडकाचे नेमके वय ठरविण्यास नमुने हाती यावे लागतात.