अंतराळमोहिमांची निवड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंतराळावरील खर्च म्हणजे आकाशात उधळलेली दौलत, असा जो समज सुशिक्षितांतही रूढ आहे, त्याचे निरसन फारसे कठीण नाही; कारण पृथ्वी सोडून जाते ते केवळ यान, आणि रक्कम मात्र अभियंत्यांच्या वेतनातून व कारखान्यांच्या देयकांतून येथेच खर्ची पडते. शिवाय अमेरिकेच्या केंद्रीय खर्चात 'नासा'चा जो वाटा १९६६ साली सुमारे ४.४ टक्के होता, तो आज अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे.

याहून खोल रुजलेला गैरसमज असा की, कोणती मोहीम निघावी हे सर्वस्वी सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर ठरते. ती मर्जी मुळीच चालत नाही असे मी म्हणणार नाही. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमी दर दहा वर्षांनी शास्त्रज्ञांची मते मागवून ग्रहविज्ञानातील कामांचा अग्रक्रम लावणारा अहवाल देतात, आणि त्या अहवालाचे वजन किती, हे प्लूटोच्या प्रकरणात दिसून आले. सरकारी अंदाजपत्रकाने प्लूटो-मोहिमेची तरतूद वगळली असताना, २००२ च्या अहवालाने मध्यम खर्चाच्या मोहिमांत तिलाच अग्रस्थान दिले. विलंबाला तर जागाच नव्हती, कारण १९८९ पासून प्लूटो सूर्यापासून दूर सरकत असल्याने त्याचे विरळ वातावरण गोठून जाईल अशी धास्ती होती, आणि गुरूच्या गुरुत्वाकर्षणाचा लाभ ठरावीक काळातच मिळणार होता. अमेरिकी काँग्रेसने पैसा मंजूर केला, 'न्यू होरायझन्स' यान जानेवारी २००६ मध्ये निघाले, आणि जुलै २०१५ मध्ये प्लूटोवरील नायट्रोजन-हिमाचे अफाट मैदान मानवाच्या दृष्टीस प्रथमच पडले.

अग्रक्रम लाभला म्हणजे खजिना खुला झाला, हेही खरे नव्हे. मंगळावरील नमुने पृथ्वीवर आणण्याचे काम २०२२ च्या अहवालाने सर्वांत वर ठेवले. तथापि २०२३ मध्ये स्वतंत्र समितीने त्याचा खर्च ८ ते ११ अब्ज डॉलरवर जाईल असा अंदाज दिला, तेव्हा 'नासा'ला स्वस्त मार्गाचा शोध घेणे भाग पडले. 'पर्सिव्हिअरन्स' या मंगळावरील बग्गीने जमविलेल्या नमुन्यांच्या कुप्या मंगळावर पडून राहाव्यात याचे मला दुःख आहे, तरी हा फेरविचार मला रास्त वाटतो. कारण एकाच कामाने सारा पैसा खाल्ला तर इतर मोहिमा मागे पडतील, आणि त्याच अहवालात नव्या मोठ्या मोहिमांत पहिले नाव युरेनसचे आहे, ज्याच्याजवळून १९८६ साली 'व्हॉयेजर २' हे यान एकदाच गेले, आणि ज्याच्याकडे गुरूच्या साहाय्याने निघण्यास अहवालाने २०३१-३२ हा काळ अनुकूल मानला असून पुढचा प्रवास दहा वर्षांहून अधिक आहे.