गायलं कोणी, ते लिहा

वर्तमानपत्रात काम करणाऱ्या मुलीचा दिवस कसा जातो ते सांग, असं आपल्या रेडिओवरच्या ताई मला म्हणाल्या. वर हेही म्हणाल्या, "आणि तुला गाण्याचं वेड आहे, तेही येऊ दे त्यात." तेव्हा दोन्ही एकत्रच सांगते. नाहीतरी माझ्या दिवसात ती वेगळी काढता येत नाहीत.

मी सांगली-मिरजेकडच्या एका दैनिकात बातमीदार आहे. मिरज म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, दवाखाने आणि तंबोरे. माझ्या वाट्याला दोन्ही आलेत. सरकारी दवाखाना, रेल्वे स्टेशन, पंचायत समिती ही माझी रोज फिरायची ठिकाणं. आमच्यात त्याला 'बीट' म्हणतात. गाण्याबजावण्याचे कार्यक्रम त्यावर वाढलेल्या तुपासारखे. बेताचेच.

सकाळी साडेसहाला उठून अर्धा तास तंबोरा लावून बसते. तंबोरा म्हणजे मोबाइलमधला, कारण आमच्या दोन खोल्यांत खरा तंबोरा ठेवायला कोपरा उरलेला नाही. रात्री बाराला आल्यावर सकाळी आवाज लागत नाही, तरी बसते. मग गावात येणारी सगळी वर्तमानपत्रं वाचायची. स्वतःची बातमी कशी आली यापेक्षा दुसऱ्याकडे काय आलं आणि आपल्याकडे नाही, हे आधी पाहायचं, कारण साडेदहाच्या मीटिंगमध्ये तोच प्रश्न येतो. तिथे प्रत्येकाने आज काय आणणार ते सांगायचं आणि स्कूटी काढायची. चार वाजता परत येऊन टाइप करायला बसायचं.

पावसाळ्यात हे सगळं वेळापत्रक कृष्णामाई ठरवते. सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर गेलं की धोका. २०१९ च्या पुरात ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत आमच्याकडे तासातासाला पातळी विचारणारे फोन येतात आणि पानावर पाण्याशिवाय काही नसतं. श्रावणातली भजनं, गोकुळाष्टमीचे कार्यक्रम, सगळं बाजूला राहतं. तिथे माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती एरवीची.

ती कळायला वर्तमानपत्राचं एक अंतर्गत गणित समजून घ्यावं लागेल. तुम्ही सकाळी जो अंक हातात घेता, तो सगळीकडे एकाच वेळी तयार झालेला नसतो. जत, आटपाडी अशा लांबच्या तालुक्यांत जाणाऱ्या गाड्या लवकर सुटतात, म्हणून तिकडची पानं आधी लावून छपाईला पाठवतात. ती डाक आवृत्ती. शहराची पानं उशिरा सुटतात, पण कार्यक्रमांचं आतलं पान शहर आवृत्तीतही लवकरच बंद करतात, कारण पहिलं पान शेवटपर्यंत उघडं ठेवायचं असतं. एखादा अपघात झाला, मोठी घोषणा झाली, तर जागा हवी. थोडक्यात, साडेनऊच्या सुमाराला माझी बातमी उपसंपादकाच्या टेबलावर नसेल तर ती उद्या येत नाही. परवा आली तर शिळी.

आता मैफलीचं वेळापत्रक या शेजारी ठेवून पाहा. कार्ड म्हणतं सायंकाळी ६. पाहुणे येतात पावणेसातला. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, मनोगत. यात आठ वाजतात. उघड्या मैदानावर असेल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. तो २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे, आणि वर्षातले फार तर १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. म्हणजे गायिकेच्या वाट्याला दोन तासही येत नाहीत, आणि माझ्या वाट्याला त्यातला जेमतेम पाऊण तास. विलंबित ख्याल रंगात येतो, त्या वेळी मी चपला शोधत असते. कार्यक्रमाला जायचं आणि भैरवी ऐकायची नाही, अशी ही नोकरी आहे.

छायाचित्रकाराची गत आणखी घाईची. त्याला त्याच संध्याकाळी तीन ठिकाणी जायचं असतं. तो येतो, समई लावतानाचा फोटो घेतो आणि जातो. गाण्याच्या कार्यक्रमाच्या बातमीत गाणाऱ्या माणसाऐवजी काडी पेटवणारे पाच पाहुणे का दिसतात, याचं उत्तर एवढंच आहे. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. दिवा आधी लागतो, गाणं नंतर होतं.

नावांचंही तसंच होतं. बऱ्याच कार्यक्रमांना बातमीदार पोचतच नाही. आयोजक प्रसिद्धिपत्रक पाठवतात, आणि ते निमंत्रणपत्रिका समोर ठेवून कार्यक्रमाच्या आधीच लिहिलेलं असतं. पत्रिकेत असतात अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती. शेवटी एक ओळ, 'महिला भजनी मंडळाने भजने सादर केली.' उपसंपादकाला रात्री जागा कमी पडली की तो शेवटून कापतो. ती शेवटची ओळ पहिल्यांदा जाते. राहिली तरी तिच्यात नाव कुणाचंच नसतं. पेटी कुणी धरली, पखवाज कुणी वाजवला, गवळण कुणी म्हटली, काही नाही. अकरा बायका दोन तास गायल्या आणि छापून आले ते वीस मिनिटं बसून गेलेले साहेब.

यावर कुणी म्हणेल, नाव नाही आलं तर काय बिघडलं? देवाच्या दारात म्हटलेलं भजन, त्याला प्रसिद्धी कशाला? मलाही तसं वाटू शकलं असतं. पण आमच्या ऑफिसात एकदा एक आजी आल्या. त्यांना दहा-बारा वर्षांपूर्वीचे अंक बघायचे होते. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना दरमहा मानधन देतं, २०२४ पासून ते पाच हजार रुपये आहे. त्यासाठी वयाची पन्नाशी पूर्ण हवी आणि कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काम केलेलं हवं. भजन, कीर्तन, भारूड करणारेही अर्ज करू शकतात. पण काम केलं हे दाखवायला कागद लागतो. प्रमाणपत्र, पत्रिका, वर्तमानपत्राचं कात्रण. आजी उभ्या जन्मात गात आल्या होत्या. आम्ही जुन्या फायली काढल्या. त्यांच्या मंडळाचं नाव चार ठिकाणी सापडलं. दोन ठिकाणी फोटोही होता, पाहुण्यांच्या मागे उभ्या असलेल्या बायकांचा, त्यात आजींचा अर्धा चेहरा. नाव कुठेच नाही. फायलीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही मीच की गं." पण सरकारी टेबलावर अर्ध्या चेहऱ्याचा काय उपयोग?

तेव्हापासून मी हा विषय जिथे तिथे काढते.

नावाचा आणि गाण्याचा एक जुना किस्सा सांगते. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजान या गायिकेचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. ग्रामोफोन आपल्याकडे नुकताच येत होता. गाण्याच्या शेवटी ती खणखणीत आवाजात, इंग्रजीत, आपलं नाव सांगते. लोकांना वाटतं तो तिचा तोरा. तोरा असेलही, आणि असला तर शोभणारा होता. पण कारण वेगळं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना हे गाणं कुणाचं, कुठल्या तबकडीवर कुठला कागद चिकटवायचा, हे कळायला हवं. म्हणून गाणारीने स्वतःच नाव सांगायचं. तीन मिनिटांच्या गाण्यातली मौल्यवान जागा त्यासाठी खर्च व्हायची. आज ती तबकडी कुणाची, हा वाद कुणी घालू शकत नाही.

आणि लांब कशाला जायचं? हिराबाई बडोदेकर आपल्या मिरजेतच जन्मल्या, १९०५ साली. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी त्यांच्या नावाने संगीत सभा होते. हिराबाईंनी घरंदाज वेशात, तिकीट लावून, जाहीर मैफली केल्या, ज्या काळात बाईचं गाणं म्हटलं की लोक भुवया उंचावायचे. जाहिरातीत नाव, तिकिटावर नाव. पुढे १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आपल्याच मातीतल्या बाईने शंभर वर्षांपूर्वी जे केलं, ते करायला आपण आज का लाजतो, हे मला कोडं आहे.

कारण लाजतो, हे खरं आहे. दोष सगळा वर्तमानपत्राचा नाही. मी वही काढून "ताई, तुमचं नाव?" असं विचारलं की निम्म्या जणी म्हणतात, "माझं कशाला, मंडळाचं लिही." कुणी म्हणते, "सौ. पाटील लिही." आमच्या भागात सौ. पाटील म्हणजे अख्खं गाव झालं. कुणी म्हणते, "ह्यांना विचारून सांगते." त्यावर मी वाद घालत नाही. एखादीला नाव नको असण्याची कारणं असतात, घरातली असतात, कधी भीतीचीही असतात, आणि तिने नको म्हटलं तर मी लिहीत नाही. पण बाकीच्या दहाजणी नुसत्या संकोचाने गप्प बसतात, तेव्हा मी वही मिटून थांबते. गाणं ऐकणाऱ्याला थांबायची सवय असते. पेटीवाल्या काकूंशी कुठली पट्टी, काळी चार की पाच, असं बोलणं काढलं की पाच मिनिटांत नावं येतात, माहेरच्या गावासकट. मध्यमापर्यंतच्या परीक्षांचा मला या कामात झालेला सगळ्यात मोठा उपयोग हाच.

तंबोऱ्याच्या बाबतीतही मी हेच पाहते. मिरजेतली सतारमेकर मंडळी मूळची शिकलगार, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता ती घडवायला सुरुवात केली, असं त्या गल्लीत सांगतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मोठ्या बातम्या आल्या. मला त्या गल्लीत दुपारी जायला आवडतं. कारागीर कानसेने घोडी घासतो, तार छेडतो, सुताचा दोरा केसभर सरकवतो, पुन्हा छेडतो. बराच वेळ काही होत नाही. मग एकदम तारेतून भरलेला, झणझणता आवाज उठतो. ती जवारी. ती लागली की मागून कुणीतरी "हां" म्हणतं. फरीदसाहेबांचं नाव पिढ्यान्‌पिढ्या राहिलं, कारण कुणीतरी ते सांगत राहिलं. पण ज्या भोपळ्यावर हा सगळा डोलारा उभा आहे, तो पंढरपूर, बेगमपूरकडच्या रानात येतो. तो वाढवणाऱ्या शेतकऱ्याचं आणि त्याच्या घरच्या बाईचं नाव एकाही बातमीत नव्हतं. ती बातमी मला करायची आहे. मंजूर झाली तर सांगेन.

आता तुमच्या कामाचं. श्रावण आला, मग गणपती, नवरात्र. तुमच्या मंडळाचा कार्यक्रम असेल तर प्रसिद्धिपत्रक आयोजकांवर सोडू नका, तुम्हीच लिहा. दहा ओळी पुरतात. पहिल्या दोन ओळींत गाणं ठेवा, म्हणजे कुणी, कुठे, केव्हा, काय म्हटलं. मुख्य गायिका, टाळकरी, पेटी आणि पखवाज यांची पूर्ण नावं, स्वतःचं, वडिलांचं किंवा पतीचं, आडनाव. आधार कार्डावर आहे तसंच, कारण उद्या ते कात्रण कागदांना जोडायचं आहे. पाहुण्यांची नावं शेवटी. उपसंपादकाने कापलं तर ती कापू दे. साहेबांना वाईट वाटेल अशी धास्ती असेल तर त्यांना सांगा, वर्तमानपत्रवाल्यांनी केलं. आम्हाला सवय आहे.

बातमी मराठीत टाइप करून त्याच दिवशी पाठवा, शक्यतो रात्री आठच्या आत. कार्यक्रम नऊला संपणार असेल तर नावं दुपारीच पाठवून ठेवा आणि संपल्यावर एक फोन करा. छापून आलेला अंक जपा, कात्रणावर तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव तिथल्या तिथे पेनने लिहा, नाहीतर पाच वर्षांनी ते कुठलं होतं ते कुणालाच आठवत नाही. मानधनाच्या अर्जाची चौकशी आपल्या पंचायत समितीत करता येते. तिथे मी आठवड्यातून दोनदा असतेच, अडलं तर हाक मारा.

आणि फोटो दिवा लावतानाचा नको. गातानाचा पाठवा, मोबाइल आडवा धरून, सगळ्या जणी दिसतील असा. खाली नावं डावीकडून उजवीकडे.